उलंगवाडी ते मृग

यवतमाळ जिल्ह्यातल्या कोरडवाहू कास्तकाराच्या वर्षात मोठे निर्णय मोजकेच असतात आणि ते जवळजवळ सगळे जून ते नोव्हेंबर या काळात अंगावर येतात. पेरायचं कधी, मोड झाली तर पुन्हा पेरायचं की थांबायचं, अळी दिसली तर काय मारायचं, पहिल्या वेचणीचा कापूस दारात आलेल्या व्यापाऱ्याला द्यायचा की घरात ठेवायचा, अडलेले पैसे कोणाकडून उचलायचे. नेमक्या याच दिवसांत हाती पैसा नसतो, उधारी वाढत असते, झोप पुरत नाही आणि शेजाऱ्याच्या वावरात काय चाललंय याचा धसका मनात असतो. उलट उलंगवाडी, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी, झाल्यापासून मृग लागेपर्यंतचे तीन-चार महिने त्या मानाने मोकळे जातात. चुकारा आलेला असतो, हिशेब डोळ्यांसमोर असतो, सरत्या हंगामातली चूक ताजी असते. ताणाच्या वेळी घ्यावे लागणारे निर्णय या मोकळ्या महिन्यांत आधीच घेऊन ठेवता येतात का, ठेवले तर ते ऐन वेळी टिकतात का, आणि टिकत नसतील तर दोष कुठे असतो, याचा हा आढावा.

यातला एक महत्त्वाचा अभ्यास शेतकऱ्यांवरच झालेला आहे. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्दार शफीर आणि जियायिंग झाओ यांनी तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांना दोनदा तेच कोडं घातलं. एकदा तोडणीच्या आधी, पैसा संपलेला असताना, आणि एकदा तोडणीनंतर, पैसा हाती असताना. २०१३ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या या अभ्यासात तोच माणूस तोडणीनंतर स्पष्टपणे चांगला विचार करताना दिसला. टंचाईची काळजीच डोक्यातली जागा व्यापते, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. हा निष्कर्ष फार ताणू नये. अमेरिकेतल्या कमी उत्पन्नाच्या लोकांवर पगाराच्या आधी आणि नंतर अशीच चाचणी झाली, २०१६ मध्ये ती प्रसिद्ध झाली, आणि तिथे बुद्धीच्या कोड्यांत असा फरक सापडला नाही. मात्र पगाराआधी लोक पैशाच्या बाबतीत ‘आज काय मिळतंय’ याकडे जास्त झुकत होते. म्हणजे टंचाईत माणूस कमी हुशार होतो का, यावर वाद आहे. टंचाईत त्याची नजर जवळच्या गरजेवर खिळते, याला बराच आधार आहे. ज्यानं भर ऑगस्टात शाळेची फी, निंदणाची मजुरी आणि युरियाचं पोतं एकाच नोटेतून भागवलं असेल, त्याला हे सांगायला संशोधक लागत नाही.

यावरचा सगळ्यात जास्त तपासलेला उपाय साधा आहे. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञानं नव्वदच्या दशकात मांडलं की नुसता निश्चय आणि खुणेला बांधलेला निश्चय यांत मोठं अंतर असतं. ‘यंदा फवारणी जपून करीन’ हा नुसता निश्चय. ‘वारा तोंडावर यायला लागला की पंप खाली ठेवीन’ हा खुणेला बांधलेला. दुसऱ्या प्रकारात ऐन वेळी विचार करायचा उरत नाही. खूण दिसली की हात आपोआप त्या कामाकडे वळतो. २००६ मध्ये गोलविट्झर आणि पास्कल शीरन यांनी अशा ९४ चाचण्या एकत्र तपासल्या आणि परिणाम मध्यम ते मोठा निघाला. यातल्या बऱ्याच चाचण्या विद्यार्थ्यांवर आणि तब्येतीच्या सवयींवर झालेल्या होत्या, हे खरं. पण मूळ सूत्र, खूण आधी ठरवा आणि कृती तिला जोडा, शेतीला जितकं लागू पडतं तितकं क्वचितच दुसऱ्या कशाला पडत असेल, कारण शेतात खुणा सगळीकडे आहेत.

इथे एक आक्षेप रास्त आहे. चाळीस वर्षं कापूस पिकवलेल्या माणसाला कागदावरचा नियम कशाला? गॅरी क्लाइन यांनी अमेरिकेतल्या अग्निशमन दलाच्या प्रमुखांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना दिसलं की अनुभवी माणूस दहा पर्यायांची तुलना करत बसत नाही. तो परिस्थिती ओळखतो आणि पहिलाच सुचलेला मार्ग बहुधा बरोबर असतो. पण ही ओळख तेव्हाच कामी येते जेव्हा समोरची आग आधीच्या आगींसारखी असते. परिस्थितीच नवी असली की अनुभवाचा भरवसा घात करू शकतो. यवतमाळमध्ये तसं एकदा घडलं, आणि त्याची किंमत माणसांनी जीव देऊन मोजली.

२०१७ च्या पावसाळ्याच्या उत्तरार्धात जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात शेकडो रुग्ण आले. कुणाला दिसेनासं झालेलं, कुणी भ्रमात बडबडणारे, कुणी श्वासासाठी धडपडणारे. सरकारनं विशेष तपास पथक नेमलं, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली. या माणसांनी फवारणी काही पहिल्यांदा केलेली नव्हती. त्या वर्षी बदललं होतं ते वेगळंच. अनेक ठिकाणी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती, त्यामुळे नळी खाली न राहता तोंडासमोर आणि डोक्यावर धरावी लागत होती. बॅटरीच्या पंपांतून बारीक तुषार उडत होते आणि दाट पिकात ते हवेत तरंगत राहत होते. गुलाबी बोंडअळी बीटी वाणांना दाद देईनाशी झाली होती, म्हणून फवारण्या वाढल्या आणि दोन-तीन औषधं एकत्र मारली जाऊ लागली. वर उकाडा.

अशा एका दिवसाचं चित्र नीट डोळ्यांसमोर आणलं पाहिजे. धुऱ्याजवळ प्लॅस्टिकचा ड्रम. त्यात पाणी, दोन बाटल्यांतलं औषध, वरून कुणी सांगितलं म्हणून वाढीचं टॉनिक. ढवळायला पऱ्हाटीची काडी, ती आखूड पडली की कोपरापर्यंत हात. तोंडाला दुपट्टा, तो तासाभरात ओला. पाठीवर वीस लिटरचा पंप, झाकणातून पाझरणारा, आणि ती ओल सदऱ्यातून पाठीत मुरते. मजुरी पंपावर ठरलेली, म्हणून जितके पंप जास्त तितके पैसे जास्त. दुपारी मळमळायला लागतं, डोळ्यांपुढे धूसर होतं. ऊन लागलं असेल असं वाटतं. अजून चार पंप राहिलेत.

या चित्रात निर्णयाच्या निदान चार जागा आहेत आणि चारही जागी माणूस थकलेला, घाईतला किंवा विषाच्या अमलाखाली आहे. ‘काळजी घ्या’ असं त्या क्षणी सांगण्याला अर्थ नाही. जे ठरवायचं ते ड्रम भरण्याआधी, खरं तर औषध विकत घेण्याआधी ठरायला हवं.

फवारायचं की नाही, यासाठी शास्त्रज्ञांनी तयार खूण दिलेली आहे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेची गुलाबी बोंडअळीसाठीची शिफारस अशी: हेक्टरी पाच, म्हणजे एकरी दोन कामगंध सापळे लावा, सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ पतंग सापडले तर ती आर्थिक नुकसानीची पातळी. किंवा वावरभर फिरून हिरवी बोंडं तोडून फोडा. शंभरात दहा, म्हणजे विसात दोन बोंडं किडलेली निघाली तर फवारा. हा खुणेला बांधलेला निश्चयच आहे, आणि भीतीला त्यात जागा नाही. शेजाऱ्यानं फवारलं, ही खूण नव्हे. दुकानात नवं औषध आलं, हीसुद्धा नव्हे.

मग हा नियम सर्रास का पाळला जात नाही? अज्ञान हे त्याचं कारण म्हणून पटकन पुढे केलं जातं, ते मला पटत नाही. कास्तकार कृषी केंद्रात जातो, म्हणतो, ‘भाऊ, अळी लय झाली, काय मारू?’ समोरचा माणूस बियाणं, खत, औषध सगळं उधारीवर देतो आणि कापूस निघाल्यावर वसूल करतो. सल्ला देणारा तोच, विकणारा तोच, सावकारही एका अर्थी तोच. उधारीवर घेणाऱ्याला ‘हे नको, ते द्या’ म्हणायला जीभ रेटत नाही. सापळा लावायचा तर तो जुलैत घरी असायला हवा. ऑगस्टमध्ये आठवण झाली तर उशीर होतो. रोज सकाळी पतंग मोजायला कुणाला तरी नेमायला हवं. नियम बिनचूक असला, तरी तो पाळण्यासाठी लागणारं साहित्य, मोकळा पैसा आणि माणूस आधी जागेवर नसेल तर ताणाच्या दिवशी नियम हरतो. दुसरी गोष्टही तशीच. अंगावर घालायचे कपडे, मोजे, चष्मा, मुखवटा यांचा संच २०१७ नंतर पुष्कळ वाटला गेला. पण भर उकाड्यात तो अंगावर टिकत नाही, आणि हे संच ठरवणाऱ्यांनी आधी ओळखायला हवं होतं. सकाळी लवकर आणि उन्हं उतरल्यावरच फवारायचं हे आधी ठरलं, तर तोच संच निदान काही काळ अंगावर राहू शकतो.

उपचाराच्या बाबतीत आधीची तयारी आणखी स्वस्त आहे. प्रत्येक कीटकनाशकाचा उपचार एक नसतो. काही प्रकारांवर अ‍ॅट्रोपिनसारखं औषध उपयोगी पडतं, काहींवर नेमका उताराच नाही. दोन-तीन औषधं एकत्र मारलेली असली की डॉक्टरांपुढचं कोडं आणखी अवघड. म्हणून रिकामी बाटली किंवा तिच्यावरचं लेबल रुग्णाबरोबर गेलं पाहिजे, आणि ते नेण्याचं काम घरातल्या एका माणसाकडे आधीच दिलेलं असलं पाहिजे. मळमळ आणि धूसर दिसणं सुरू झालं की पंप उतरवायचा, कपडे काढायचे, साबणानं अंग धुवायचं, दवाखाना गाठायचा. हे ठरवायचा अधिकार फवारणाऱ्यावर सोडू नये, कारण त्या घडीला त्याचा अंदाजच भरवशाचा राहिलेला नसतो. धुऱ्यावरच्या दुसऱ्या माणसानं हाक मारून विचारायचं आणि उत्तर विसंगत आलं की थांबवायचं.

पेरणीकडे वळलं की हीच गोष्ट वेगळ्या रूपात भेटते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. दरवर्षी पहिल्या सरीनंतर पेरण्या होतात, काही जण त्याआधीच धूळपेरणी करतात, पुढे पाऊस ओढ देतो आणि दुबार पेरणीची वेळ येते. याला उतावीळपणा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. धूळपेरणीमागे हिशेब असतो: बी वेळेत रुजलं तर कापूस पुढे निघतो, मजूर आणि बैलजोडी पुढच्या आठवड्यात मिळेल याची खात्री नसते. तेव्हा नुसता ‘थांबा’ हा आदेश पुरत नाही. ‘थांबलो तर पुढे काय’ हेही हाती असावं लागतं.

त्याचं उत्तर कागदावर आहे. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेनं देशातल्या सहाशेहून अधिक जिल्ह्यांसाठी आपत्कालीन पीक आराखडे तयार केले आहेत, आणि अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ विदर्भासाठी असं नियोजन सांगत आलं आहे: पाऊस दोन आठवडे लांबला तर कोणता वाण, चार आठवडे लांबला तर कोणतं पीक, मूग-उडदाची वेळ कधी टळते, तुरीचं आंतरपीक कधी वाढवायचं. खुणेला बांधलेल्या नियोजनाचा हा उत्तम नमुना आहे. अडचण इतकीच की जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पर्यायी वाणाचं बियाणं दुकानात असावं लागतं, आणि ते कुणी तरी एप्रिलमध्ये मागवलेलं असावं लागतं. माझ्या मते जिल्ह्याच्या आराखड्याची खरी परीक्षा त्या बियाण्याच्या साठ्यावर व्हावी, पुस्तिकेच्या पानांवर नव्हे. घरच्या पातळीवर मात्र एक काम मे महिन्यात हमखास होऊ शकतं. सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे, आठवड्यानं मोड आलेले मोजायचे. सत्तर उगवले तर बियाणं चांगलं, कमी उगवले तर त्या प्रमाणात जास्त पेरायचं किंवा बदलायचं. पेरल्यावर उगवलं नाही म्हणून पंचनाम्यासाठी धावण्यापेक्षा हे सोपं आहे.

पैशाच्या बाबतीत दूरच्या केनियातला एक प्रयोग आपल्याला फार जवळचा वाटावा. एस्तेर दुफ्लो, मायकेल क्रेमर आणि जोनाथन रॉबिन्सन यांनी पाहिलं की पश्चिम केनियातले शेतकरी खत घ्यायचं ठरवतात, पण पेरणीपर्यंत पैसा उरत नाही. मग पीक निघाल्याबरोबर, पैसा हाती असतानाच, पुढच्या हंगामाचं खत आगाऊ नोंदवा आणि ते फुकट घरपोच मिळेल, अशी सवलत काही दिवसांपुरती देऊन पाहिली. हंगामाच्या तोंडावर खताची किंमत निम्म्यावर आणून जेवढा फरक पडला, जवळजवळ तेवढाच या छोट्या सवलतीनं पडला. यवतमाळमध्ये याच वेळेला, जानेवारी ते मार्चमध्ये, कास्तकाराला पुढच्या मृगाचं बियाणं-खत आगाऊ बांधून देणारं फारसं कुणी नाही. आहे ते ३१ मार्चच्या आत पीककर्ज भरण्याचं दडपण, आणि त्यासाठी बाहेरून उचललेले पैसे.

विक्रीच्या निर्णयासाठी मात्र एक साधन बरंच जुनं आहे. राज्याचं कृषी पणन मंडळ १९९०-९१ पासून शेतमाल तारण कर्ज योजना चालवतं. सोयाबीन, तूर, हरभरा असा माल बाजार समितीच्या गोदामात ठेवला की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजानं सहा महिन्यांसाठी मिळते. दिवाळीच्या तोंडावर पडलेल्या भावात सोयाबीन विकायचं नसेल तर हाच मार्ग. पण ज्याचा माल मळणीच्या जागेवरूनच देणेकऱ्याकडे जातो, त्याला गोदामापर्यंत पोचताच येत नाही. किती पोती तारण ठेवायची, किती लगेच विकायची, देणेकऱ्याला काय सांगायचं, हे पीक उभं असताना नवरा-बायकोनं बसून ठरवलं तरच मळणीच्या दिवशी शब्द फुटतात. बायको म्हटलं ते जाणूनबुजून. बी, किराणा, फी आणि दवाखाना यांचा हिशेब बहुतेक घरांत तिच्याच डोक्यात असतो, आणि तरी विक्रीच्या बोलण्यात तिला विचारलं जात नाही.

आता सगळ्यात अवघड भाग. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी कुटुंबासह जीवन संपवलं. त्यांच्या आठवणीत आज अनेक जण १९ मार्चला अन्नत्याग करतात. पुढे या जिल्ह्याचं नाव आत्महत्यांशी जोडलं गेलं. २०१५ मध्ये राज्य सरकारनं यवतमाळ आणि उस्मानाबाद हे दोन जिल्हे निवडून बळीराजा चेतना अभियान सुरू केलं, आणि आशा सेविकांच्या मदतीनं चालणारा प्रेरणा प्रकल्पही त्याच सुमाराचा. या क्षेत्रात आधी ठरवून ठेवण्याचा पुरावा बराच भक्कम आहे. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी विकसित केलेली पद्धत अशी: संकटाची घडी ओसरल्यावर, समुपदेशकाबरोबर बसून, माणसानं स्वतःच्या शब्दांत लिहायचं की मन खचायला लागलं हे मला कशावरून कळतं, तेव्हा मी स्वतः काय करू शकतो, कुणाकडे जाऊन बसू शकतो, कुणाला उघडपणे सांगू शकतो, कोणत्या डॉक्टरला किंवा क्रमांकावर फोन करायचा, आणि घरातली धोक्याची वस्तू कुणाच्या ताब्यात द्यायची. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत हे कागद आणि नंतरची फोनवरची विचारपूस एकत्र दिल्यावर पुढच्या सहा महिन्यांत आत्मघाताकडे वळण्याचं प्रमाण सुमारे ४५ टक्क्यांनी कमी दिसलं, असं २०१८ च्या अहवालात आहे.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यातला अनुभव आपल्याला जास्त उपयोगी आहे. ‘विश्राम’ या उपक्रमात तीस गावांत गावातल्याच कार्यकर्त्यांनी नैराश्याबद्दल बोलायला सुरुवात केली. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी ४.३ टक्के होते, अठरा महिन्यांनी २७.२ टक्के झाले. दार ओळखीचं असलं की माणूस येतो. आज टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे. तो खचलेल्या माणसाच्या नव्हे, त्याच्या भावाच्या, बायकोच्या, मित्राच्या मोबाइलमध्ये आधी साठवलेला असावा.

घरातल्या औषधांबाबतचा पुरावा मात्र आपल्या समजुतीला धक्का देतो. श्रीलंकेत १८० गावांपैकी निम्म्या गावांत घरोघरी कुलपाच्या पेट्या देऊन पाहिल्या. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला, विषप्राशनाच्या घटना कमी झाल्या नव्हत्या. त्याच श्रीलंकेनं १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकं टप्प्याटप्प्यानं बाजारातूनच काढली, आणि तिथला आत्महत्यांचा दर पुढच्या दोन दशकांत ७० टक्क्यांहून अधिक उतरला. कुलपाची किल्ली घरातच असते. बाजारात नसलेली बाटली मात्र कुणाच्याच हाती लागत नाही. फवारणीतल्या विषबाधेलाही हाच निर्णय लागू पडतो, आणि तो कोणत्याही कास्तकाराच्या हातातला नाही.

आधी ठरवून ठेवण्याचा हाच प्रश्न सरकारी यंत्रणांपुढेही आहे. ३१ जानेवारी २०२१ ला घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी इथे बारा बालकांना पोलिओच्या डोसाऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं वाचली, कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. बाटली उघडण्याआधी दोघांनी लेबल मोठ्यानं वाचायचं, एवढी एक ओळ अशी चूक अडवू शकते. अशाच वाचून तपासायच्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया-यादीनं दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत मृत्यूचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आणलं. पण कॅनडातल्या ओंटारियोमध्ये तीच यादी शंभरावर रुग्णालयांत लागू केली तेव्हा लक्षणीय फरक पडला नाही. भरलेला तक्ता आणि प्रत्यक्ष वाचलेला तक्ता यांत अंतर राहिलं असावं. आपत्तीचंही तसंच: जुलै २०२३ च्या पुरात महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पाण्यानं वेढलं आणि हवाई दलाच्या हेलिकॉप्टरना बोलावण्याची वेळ आली. जिल्हा आपत्ती आराखडा असतोच. तांड्यावर रात्री पाणी चढताना कुणी कुणाला उठवायचं आणि कोणत्या उंचवट्यावर जायचं, याची तालीम मे महिन्यात व्हायला हवी.

या सगळ्या अभ्यासांत एक माणूस जवळजवळ कुठेच नाही. २०१७ च्या मृतांत मजुरीनं फवारणारे शेतमजूर होते. औषध कोणतं आणायचं, किती मिसळायचं, कधी फवारायचं, यातलं काहीही त्यांनी ठरवलेलं नव्हतं. ठोक्यानं जमीन करणाऱ्याचंही तेच. कर्ज सातबारा असणाऱ्याला, नुकसानभरपाईही त्यालाच. दुसऱ्याचा निर्णय अंगावर घेणाऱ्याला ‘आधी ठरवून ठेव’ असं सांगता येत नाही. त्याच्यासाठी नियम गावानं करायला हवेत, आणि ते उन्हाळ्यातल्या ग्रामसभेत होऊ शकतात: फवारणीची मजुरी पंपावर नको, दिवसावर हवी, संच आणि साबण मालकाचा, दोन औषधं एकत्र करायला सांगितलं तर मजुरानं नकार द्यावा आणि त्या दिवसाचा रोज बुडू नये, डोक्यावर गेलेल्या पऱ्हाटीत कुणालाही पाठवू नये. या ठरावांना पैसा फारसा लागत नाही. सरपंच, कृषी सहायक आणि चार मोठे कास्तकार तयार झाले तर पुढच्या मृगाआधी कुठल्याही एका गावात ते करून पाहता येतील, आणि त्या पावसाळ्यात किती जणांना दवाखान्यात न्यावं लागलं हे आशा सेविकेच्या वहीतून मोजताही येईल.